बॅटरी आणील त्यास गाळा

मी, कमळ हिरामण केणे, वय अडुसष्ट, धंदा कागदावर शेती आणि प्रत्यक्षात गाळ्यांचे भाडे घेणे व लग्नांत धवला म्हणणे, राहणार अंजूर, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके शाबूत आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले आहेत, त्यामुळे कोण कसे तोंड करून माझ्यासमोर बसते तेही नीट दिसते. हे लिहिताना माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू पाहणारे घरात आहेत, पण ते सध्या मृणालीच्या लग्नाचा हॉल बघायला गेले आहेत.

मसुदा विपुल वकिलांनी करून दिला आहे. माझी शाळा सातवीपर्यंत झाली, अक्षर बरे आहे, म्हणून मीच तो उतरवून घेत आहे. मधेमधे जे माझे आहे ते माझे आहे. वकील म्हणाले, "आक्का, मृत्युपत्रात एवढं सगळं लिहायचं नसतं." मी पाटीवर लिहून विचारले, की मग मी ते बोलू कुठे? त्यांनी चष्मा पुसला आणि बरं, लिहा म्हणाले.

कलम १. माझी माणसे. माझे यजमान हिरामण वारले. मला दोन मुलगे, थोरला पंढरी आणि धाकटा देवेश. पंढरीची बायको विनिता, माहेर अंबाडीकडचे. त्या दोघांची मुलगी मृणाली. तिचे लग्न येत्या फेब्रुवारीत कशेळीच्या मुलाशी ठरले आहे. देवेशचे लग्न झालेले नाही. त्याला वेळ नाही असे तो सांगतो. यजमानांची बहीण गोदूबाई, म्हणजे माझी नणंद, हयात आहे आणि रोज सकाळी चहाच्या वेळी स्वतः येऊन त्याची खात्री पटवते.

कलम २. राहते घर. खालचा मजला पंढरीला आणि वरचा देवेशला. गच्चीवर सुकट वाळत घालायचा हक्क विनिताला राहील. शेजारच्या गोडाऊनमधल्या साहेबलोकांनी वासाची तक्रार केली तर त्यांना सांगावे की सुकट इथे तुमच्या आधीपासून आहे. विनिताचे आणि माझे पटत नाही, हे साऱ्या अंजूरला माहीत आहे. ती लग्न होऊन आली तेव्हा, हिला मी धवला शिकवणार नाही, असे मी चारचौघांत सांगितले होते. त्यांच्याकडची लग्नगाणी वेगळी, आमचा धवला वेगळा. पण सुकट ती चांगली वाळवते आणि खरे आहे ते लिहिले पाहिजे.

कलम ३. भुंगा. उद्या हे कागद कोर्टात कोणा परक्या साहेबांपुढे गेले तर त्यांना कळावे म्हणून हे सविस्तर लिहिते.

आम्हा आगरी लोकांच्या लग्नात धवला लागतो. हळद लागण्यापासून पोरगी सासरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीचे गाणे असते. ते गाऊन विधी पुढे नेणारी बाई म्हणजे धवलारीण. ती म्हणेल तेव्हा हळद लागते, ती म्हणेल तेव्हा पोरीने उठायचे. मी ऐन तरुणपणापासून हे काम करत आले. आसपासच्या गावांतल्या कितीतरी बाया माझ्या आवाजावर सासरी गेल्या, आणि त्यांतल्या काही अजून मला त्याबद्दल दोष देतात.

मग मशेरीने माझा गळा खाल्ला. मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकले. त्यानंतर एका संस्थेने मला एक यंत्र दिले. ते मानेला लावून बटण दाबले की गूंऽऽ असा आवाज करते. आपण नुसते ओठ हलवायचे, त्या आवाजाचे शब्द होतात. यंत्र नसेल तर ओठ हलतात आणि बाहेर काहीच येत नाही. घरात त्याला आम्ही भुंगा म्हणतो.

भुंग्याला सूर एकच आहे. तरी मी त्याच्यावर धवला म्हटला. पहिल्यांदा म्हटला तेव्हा पोरांनी मोबाईलवर चित्रफिती काढल्या आणि हसले. म्हाताऱ्या बाया हसल्या नाहीत. त्यांना शब्द हवे होते आणि ते सगळे जागच्या जागी होते.

गेल्या दिवाळीत भुंग्याची बॅटरी मेली. बॅटरी चपटी आहे, बोटाच्या दोन पेरांएवढी, आणि तिच्या पोटात लिथियम नावाची काही चीज असते. तेव्हापासून मी बोललेले नाही.

कलम ४. शोध. या कलमाला कायद्यात जागा नाही असे वकिलांचे मत आहे. मी ते ऐकून घेतले आहे.

प्रथम देवेशने यंत्राच्या कंपनीला फोन लावला. पलीकडून एक बाई म्हणाली की तक्रार ग्राहकाने स्वतः, स्वतःच्या आवाजात सांगावी. देवेशने फोन माझ्या हातात दिला. मी तो कानाला धरून बसले. बाईने मला तीनदा विचारले, "मॅडम, आपण बोलत नाही आहात का?" आणि उत्तर आले नाही म्हणून तक्रार निकाली काढली. बोलायच्या यंत्राची तक्रार बोलल्याशिवाय घेत नाहीत, अशी ती कंपनी आहे. नंतर समजले की हे मॉडेलच त्यांनी बंद केले आहे. नवीन यंत्र घ्या म्हणाले. नव्याची बॅटरी तर आतच चिकटवलेली असते. बॅटरी मेली की अख्खे यंत्र टाकायचे. हा नियम त्यांनी माणसांना लावला असता तर त्या ऑपरेशनच्या दिवशीच माझा निकाल लागला असता.

मग पंढरी भुंगा घेऊन भिवंडीत तीनबत्तीला गेला. तिथल्या दुरुस्तीवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितले, "हो जाएगा, भाई, आपकी अम्मा मेरी अम्मा." त्याने कुठल्याशा खेळण्यातली बॅटरी आत कोंबली. घरी येऊन मी भुंगा मानेला लावला तर आवाज डासासारखा निघाला. थोड्या वेळाने मान भाजू लागली. उघडून बघितले तर बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. पंढरीने ती चिमट्यात धरून अंगणात फेकली आणि आम्ही सगळे ती फुटायची वाट बघत ओट्यावर उभे राहिलो. ती फुटली नाही. गोदूबाईला त्याचे वाईट वाटलेले दिसले.

देवेश मुंबईच्या बाजारात जाऊन आला. तिथे तीच बॅटरी होती, पण पेटीभर घ्या म्हणाले. सुटी एक देत नाहीत. एक गळा आहे, एक बॅटरी पाहिजे, हे काही त्यांच्या हिशेबात बसले नाही.

मग देवेशने माझ्या मोबाईलमध्ये काहीतरी घालून दिले. आपण मराठीत लिहायचे, आतली बाई ते वाचते. बाईचा आवाज छान आहे, पण फार सुशिक्षित. मी लिहिले, "मेल्या, दार लाव, मच्छर येतात." तिने ते इतक्या गोडीत म्हटले की देवेश "थँक्यू" म्हणाला आणि दार उघडेच राहिले. अशा बाईकडून मी धवला म्हणवून घेणार नाही, हे इथे स्पष्ट करते. त्यात पोरीच्या मामाचे, मावशीचे, घरादाराचे नाव घ्यायचे असते. हिने गोदूबाईचे नावही एकदा असे घेतले की गोदूबाई स्वतःच मागे वळून बघू लागली, कोण पाहुणी आली म्हणून.

शेवटची गोष्ट सर्वांत मजेची. एका सकाळी देवेश ओरडत खाली आला. बॅटरी मोबाईलवर सापडली होती. माल शिल्लक, ठिकाण भिवंडी, अंजूर. त्याने पत्ता वाचला आणि आम्ही एकमेकांकडे बघितले. तो माझ्याच दोन नंबरच्या गाळ्याचा पत्ता होता. ज्या जमिनीत मी भात लावला, तिच्यावर यजमानांनी गाळे बांधले, ते बक्षीसपत्राने माझ्या नावावर केले, आणि त्यांतल्या एका गाळ्यात एक ऑनलाईन माल विकणारी कंपनी भाडेकरू आहे. कंपनीचे नाव लिहू नका असे वकील म्हणाले.

मी चपला घातल्या आणि चालत गेले. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला पाटीवर लिहून दाखवले. तो बिचारा सभ्य होता. म्हणाला, "अम्मा, गोडाऊन आपका है, माल आपका नहीं है. ऑनलाइन मँगाइए." मी गेटमधून आत बोट दाखवले. तो म्हणाला, "हाँ, वहीं है. तीसरी रॅक." मला तिसरी रॅक दिसत होती.

मागवली. पार्सल माझ्या गाळ्यातून निघाले आणि दुसऱ्या राज्यातल्या कुठल्या तरी केंद्रात गेले. इथला माल इथे द्यायचा तरी आधी तिकडे नेऊन त्याच्यावर शिक्का मारतात म्हणे. तिथून ते विमानाने परत यायचे होते. पण सुटी लिथियम बॅटरी विमानात चढवत नाहीत, ती पेट घेते. म्हणून ऑर्डर रद्द. अंजूरहून अंजूरला यायला विमान लागते, हे माझ्या सासऱ्यांना सांगितले असते तर त्यांनी मला माहेरी पाठवली असती.

कलम ५. एक नंबरचा गाळा पंढरी आणि देवेश यांना समान.

कलम ६. दोन नंबरचा गाळा. हा मी आधी पंढरीला देणार होते. आता का देत नाही ते लिहिते.

मी मुकी झाल्यापासून लोकांना मी बहिरीही वाटू लागले आहे. माझ्यादेखत काहीही बोलतात. परवा पंढरी आणि देवेश ओट्यावर हळदीच्या डीजेचे ठरवत होते. मी आत तांदूळ निवडत होते. पंढरी म्हणाला, "बॅटरी न्हाय मिलत ते बरंच हाय. कशेलीची मानसं येनार. आये त्यांच्यासमोर त्या भुंग्यावर गायला लागली तर आपल्याला हसतील. हलदीला डीजे लाव, धवला कोन ऐकतो आता?" देवेश म्हणाला, "आयेला काय सांगू?" पंढरी म्हणाला, "सांग, शोधतोय."

मला फार वाईट वाटले. हे असेच लिहिते, कारण माझ्या रडण्यालाही आता आवाज नाही आणि आत बसून रडले तर ओट्यावर कोणाला कळत नाही. गावातल्या परक्या पोरींना मी गाऊन सासरी पाठवले. माझी स्वतःची नात डीजेवर जाणार आणि मी पाहुण्यांसारखी खुर्चीत बसून वडे खाणार, हे मला सोसणार नाही.

म्हणून असे ठरवते की, मृणालीच्या हळदीच्या आधी जो कोणी माझ्या भुंग्याला चालणारी बॅटरी आणून देईल, त्यास दोन नंबरचा गाळा मिळेल. हे कलम घरात सर्वांना वाचून दाखवण्यात यावे. बघू, आता मिळते का.

कलम ७. मयत मालमत्ता. स्थावर आणि जंगम यांखेरीज घरात तिसऱ्या प्रकारची मालमत्ता आहे. ती टीव्हीखालच्या खणात आहे. त्यात देवेशचे मेलेले मोबाईल, पंढरीचे दाढीचे यंत्र, मृणालीची कानांत घालायची बोंडे, एक फुगलेली पॉवर बँक आणि हातात बांधून पावले मोजायचे घड्याळ आहे. सर्व वस्तू धडधाकट आहेत. फक्त प्रत्येकीची बॅटरी गेली आहे आणि ती बदलता येत नाही. ही सर्व मालमत्ता देवेशला. ती कचऱ्यात टाकायची नाही, पेट घेईल. भंगारवाला घेत नाही. त्याने ती सांभाळावी आणि लग्न झाल्यास मुलाबाळांना द्यावी.

कलम ८. गोदूबाईस माझा मशेरीचा डबा. रिकामा देत आहे. माझा आवाज गेल्यावर धवलारीण म्हणून हिने स्वतःचे नाव पुढे केले होते. तिने एकदा वरमाईचे गाणे मधूनच सुरू केले आणि लोकांनी नवऱ्या मुलाऐवजी त्याच्या आईला हळद लावली. ते मी विसरलेले नाही.

कलम ९. माझ्या अंत्यविधीला मोबाईलमधल्या बाईला बोलू देऊ नये.

एवढे लिहून मी खाली सही करत आहे. हे माझे पहिले मृत्युपत्र आहे आणि शेवटचे राहील अशी आशा आहे.

सही: कमळ हिरामण केणे
साक्षीदार: १. राघो विठू भोईर, अंजूर. २. माधवी राघो भोईर, अंजूर.
ठिकाण: अंजूर. दिनांक: ९ जानेवारी २०२५.

पुरवणी मृत्युपत्र

मी, वरील कमळ हिरामण केणे, मृत्युपत्र शेवटचे राहील असे लिहून चुकले, म्हणून ही पुरवणी लिहिते. डोके अजून शाबूत आहे.

कलम ६ घरात वाचून दाखवल्यावर माझ्या मुलांना आईच्या आवाजाची फार आठवण येऊ लागली. ओट्यावर बॅटऱ्यांचा ढीग पडला. पंढरीने गाडीच्या रिमोटची आणली, गोदूबाईने भिंतीवरच्या घड्याळाची आणली. देवेशने तीच ऑर्डर पुन्हा नोंदवली, या वेळी ट्रकने. हळदीच्या दिवसापर्यंत ट्रक आला नाही.

हळदीला कशेळीची माणसे आली. डीजे असा वाजत होता की मंडपाची कनात हलत होती. मृणाली पाटावर बसली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. बॅटरी नव्हती, पण माझ्या नातीची हळद होती. मी ओठ हलवायला सुरुवात केली. कोणी बघितले नाही. एका बाईला वाटले मी पान चघळते आहे.

मग विनिता डीजेवाल्याकडे गेली. ते मला तिथून दिसत होते. पुढचे मृणालीने मला सांगितले.

"बंद कर," विनिता म्हणाली. "आई धवला बोलतान."

डीजेवाला म्हणाला, "कुठं? आवाज कुठं हाय?"

"माज्याकडं हाय," ती म्हणाली आणि तिने वायर ओढून काढली.

मंडप गप्प झाला. विनिता येऊन माझ्यासमोर उकिडवी बसली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मी ओठांनी जे म्हणत होते ते ओळीमागून ओळ गाऊ लागली. तिचा आवाज काही फार चांगला नाही. पण शब्द सगळे माझे होते. कशेळीच्या म्हाताऱ्या बाया खुर्च्या ओढून पुढे आल्या. पंढरी कनातीपाशी उभा होता. तो खाली बघत होता.

नंतर मी तिला पाटीवर विचारले, तुला माझे तोंड वाचता येते हे कधी कळले? ती म्हणाली, "लगीन झाल्यापासून तुमचं तोंडच बगतेय मी. तुमी वरडायच्या आदीच मला कलायचं काय वरडनार हाव."

लग्न पार पडले. त्यानंतर काही दिवसांनी पार्सल आले. माझ्या गाळ्यातून निघालेली बॅटरी दोन राज्ये फिरून माझ्या ओट्यावर आली. ऑर्डर देवेशने केली होती, फोन पंढरीचा होता, आणि पार्सल घेऊन सही गोदूबाईने केली. तिघेही दोन नंबरचा गाळा मागत आहेत. वकील म्हणाले, अट हळदीच्या आधीची होती, ती पुरी झाली नाही, म्हणून कलम ६ आपोआप पडले. हे तिघांना त्यांनीच जाऊन सांगितले आणि नंतर चहा न पिताच निघून गेले.

तरी दोन नंबरचा गाळा मी विनिताला देत आहे. तिने एकही बॅटरी आणली नाही.

आता धवला. तो मी कुठे लिहून ठेवलेला नाही आणि ठेवणार नाही. वकील म्हणतात, जे कागदावर नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही. तरी तो विनितालाच देत आहे, आणि रोज दुपारी तिला शिकवत आहे. हरकत असल्यास वकिलांनी दुपारी यावे.

बॅटरी घालून भुंगा मानेला लावला, तेव्हा पहिले बोलणे तिच्याशीच झाले. ती मोरीपाशी मासे साफ करत होती.

मी म्हटले, "हलदीला एक ओळ सोडलीस तू. पोरगी उंबऱ्याभायेर पाय टाकते, ती."

तिने वर न बघता सांगितले, "सोडली न्हाय. तुमी बोललावच न्हाय ती. तोंड मिटून बसलाव. तुमी परत बोलेपरेंत मी थांबले."

मला ते आठवत नव्हते. भुंगा हातात चालू राहिला आणि नुसता गूंऽऽ वाजत होता. मी बटण सोडले.

म्हणून असे लिहून ठेवते की, पुढे विनिताने आणि तिच्याकडून जी कोणी धवला शिकेल तिने, त्या ओळीशी आल्यावर ओळ म्हणू नये. तिथे थांबावे. पोरगी निघणार आहे हे सर्वांना दिसत असतेच. तोंड उघडेल तेव्हा पुढचे म्हणावे.

सही: कमळ हिरामण केणे
साक्षीदार: १. राघो विठू भोईर. २. माधवी राघो भोईर.
विनिता पंढरी केणे हिला यात लाभ असल्याने साक्षीदार म्हणून तिची सही घेतलेली नाही. ती समोर बसली होती.
ठिकाण: अंजूर. दिनांक: ६ मार्च २०२५.